अर्ध्या बाह्या

लातूरला त्या शाळेच्या फाटकासमोर प्रयागबाई पोरेंचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, एक पायमशीन, एक पिकोचं मशीन, भिंतीला ठोकलेली दांडी आणि मागं पडदा. पडद्यामागं घर. पाटीवर 'पोरे लेडीज टेलर' असं ठळक लिहिलंय, पण ती पाटी आजवर कुणी मनावर घेतली नाही. आसपासच्या हॉस्टेलांतल्या मुली त्या दुकानाला 'बाहीवाल्या मावशी' म्हणतात. एखादी नवी मुलगी पोरे टेलर कुठं म्हणून विचारायला लागली, तर शेजारचा झेरॉक्सवाला तिलाच उलटं विचारतो, "पोरे-बिरे माहीत नाही. बाहीवाल्या मावशी हव्यात का?"

नाव पडलं ते असं. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी समोरच्या शाळेत नीटचं केंद्र असतं. डॉक्टर व्हायचं तर त्या एका दुपारी तीन तासांत काय ते करायचं. पहिल्या वर्षी प्रयाग शटर अर्धं ओढून जेवायला बसली होती, तेवढ्यात एक मुलगी रडत आत शिरली. अंगात नवाकोरा, पूर्ण बाह्यांचा ड्रेस. फाटकावरची बाई म्हणाली होती, पूर्ण बाही चालत नाही, कापून या नाहीतर घरी जा. मुलीच्या बापानं तिथंच दातानं बाही फाडायला घेतली होती आणि फाडताना शिवण मुंढ्यापर्यंत उसवली होती. प्रयागनं ताट सरकवलं, हात धुतला, खडूनं रेघ मारली, दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापल्या आणि कडेनं टीप मारून दिली. चार मिनिटांचं काम.

"पळ आता," ती म्हणाली. पोरगी पळाली. प्रयाग बाहेर बघते तर दुकानापुढं आणखी सात जणी उभ्या.

नियम प्रवेशपत्रावर छापलेला असतो. तरी दरवर्षी तीस-चाळीस मुली पूर्ण बाह्या घालून येतातच. चांगल्या दिवशी नवा ड्रेस घालायचा असतो, आणि गावाकडच्या आयांना पोरगी अंगभर कपड्यात असल्याशिवाय ती परीक्षेला निघाल्यासारखी वाटत नाही. दोन वर्षं जाडजूड पुस्तकांच्या ओळी न् ओळी पाठ करणाऱ्या मुली स्वतःचं प्रवेशपत्र तेवढं वाचत नाहीत. त्याला कोण काय करणार?

तेव्हापासून प्रयाग त्या रविवारी दहालाच शटर वर करते. त्या दिवशी ती पैसे घेत नाही आणि उधळमाधळही करत नाही. दुसरी कुणी असती तर कचाकच कापून बाह्या कोपऱ्यात टाकल्या असत्या. प्रयाग प्रत्येक जोडीवर खडूनं नंबर टाकते, तोच नंबर ड्रेसच्या आतल्या पट्टीवर टाकते आणि बाह्या दांडीला ओळीनं अडकवते. पाचला पेपर सुटला की यायचं, ती बाह्या पुन्हा लावून देते. जोड दिसतो थोडा. पण आईनं हौसेनं शिवलेला ड्रेस निम्मा होऊन घरी जात नाही.

आणि हे करता करता तिला एक कळलं. ज्यांचा पेपर बरा गेलेला असतो त्या बाह्या घ्यायला येतात. ज्यांचा गेलेला नसतो त्या रस्त्याच्या पलीकडूनच मान खाली घालून जातात, दुकानाकडं बघतही नाहीत. साडेसहाला दांडीवर किती जोड्या उरल्या, त्यावरून प्रयाग त्या वर्षीचा पेपर कसा होता ते सांगते. झेरॉक्सवाला म्हणतो, क्लासवाल्यांपेक्षा मावशींचा अंदाज पक्का.

प्रयाग मूळची चाकूरकडची. दहावीला तिचं केंद्र दुसऱ्या गावी होतं. चार मैल चालत जायचं. परकर-पोलक्याला खिसा नाही, म्हणून प्रवेशपत्र मुठीत धरलं. पोचेपर्यंत घामानं शिक्का पसरून त्याचा निळा डाग झाला. तिथल्या मास्तरांनी अर्धा तास बाहेर उभं केलं. गणित गेलं. फार नाही, पाच मार्कांनी. पुन्हा बसवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, लग्न झालं आणि ती विश्वनाथ पोरेंच्या घरात लातूरला आली. नवरा डाळमिलमध्ये, सासू शिवणकामात. सासूनं शिकवलं ते हिनं उचललं, आणि एक गोष्ट स्वतःची घातली. प्रयागनं शिवलेल्या प्रत्येक कुडत्याला आत, डाव्या कुशीला एक चोरखिसा असतो. विचारत नाही, लावून टाकते. कुणी म्हणालं मावशी, मी कुठं सांगितला होता, तर म्हणायची, "राहू दे. बाईच्या कपड्यात एक जागा तिची असावी."

रोहिणी तिची एकुलती एक. पोरगी हुशार निघाली, दहावीला तालुक्यात नाव झालं, आणि लातुरात पोरगी हुशार निघाली की तिनं काय व्हायचं हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही. शेकडो मैलांवरून लोक मुलं घेऊन इथं येतात. ही तर फाटकासमोरच जन्मलेली.

पहिल्या वर्षी बारावीबरोबरच पेपर दिला, मार्क बेताचे आले. सगळ्यांचं असंच होतं म्हणून कुणी मनाला लावून घेतलं नाही. दुसरं वर्ष तिनं घरी बसून काढलं. घरी बसून म्हणजे पहाटे पाचला उठून, पडद्यामागच्या खोलीत, मशीनच्या खडखडाटात. कच्च्या कागदांचा ढीग एवढा साचायचा की प्रयाग त्यावरच ड्रेसचे कागदी नमुने कापायची. कुणाच्या गळ्याच्या नमुन्यावर रसायनशास्त्राची समीकरणं, कुणाच्या बाहीच्या नमुन्यावर बेडकाचं काळीज. क्लासच्या चाचण्यांत रोहिणी सतत पहिल्या दहात होती. सरांनी सांगितलं होतं, हिचं सरकारी कॉलेज नक्की.

आणि पेपर गेला. चौदा मार्क कमी पडले.

दोन दिवस रोहिणी जेवली नाही. काय झालं विचारलं तर म्हणायची, "काही नाही. फिजिक्स राहिलं." त्यापुढं शब्द नाही.

आता दुकानात बायका येणार, त्या विचारणार. प्रयागला काहीतरी सांगणं भाग होतं. ती सांगायची, "पोरगी हुशार हाय हो, पण ऐन वेळंला घाबरती. स्वभाव. बापावर गेलीय." पिको करायला आलेलीला हेच, काजं-बटणं न्यायला आलेलीला हेच. वर्षभर सांगितलं. आणि पडदा म्हणजे काही भिंत नव्हे.

तिसऱ्या वर्षाला विश्वनाथरावांनी होकार दिला, पण स्पष्ट बोलून. "हे शेवटचं. झालं तर झालं. नाहीतर नर्सिंगचा फॉर्म भरायचा आन् गप जायचं. पोरीचं वय काय थांबून बसत नाही." त्यांचं चूक होतं असं म्हणता येत नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला गेल्या होत्या, आणि रोहिणी अजून त्याच पुस्तकांच्या त्याच पानांवर होती.

विश्वनाथरावांची थोरली बहीण रत्नमाला दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेलेला, त्यामुळं तिला शिक्षणातलं सगळं कळतं. ती येऊन बसली की पडद्याकडं बघून मोठ्यानं बोलायची. "काय गं प्रयागे, यंदाबी रिपीटर का? तुझ्या पोरीचा एकच ड्रेस कितव्यांदा अल्टर करायलीस?"

"तुम्ही चहा घ्या वन्सं, गार होईल," प्रयाग म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

एप्रिल संपत आला तशी प्रयागनं परीक्षेच्या कुडत्याला हात घातला. फिकट हिरवं सुती कापड, बाह्या अर्ध्या, बटण नाही, हूक नाही, चेन नाही. फाटकावरच्या बायका कशाकशाला हात लावतात ते तिच्याइतकं लातुरात कुणाला ठाऊक नसेल. दुपारचे तीन वाजले होते, गल्ली उन्हानं सामसूम. कुशीची टीप मारून तिनं खिशाचा तुकडा जोडला आणि तेवढ्यात रोहिणी पाणी प्यायला बाहेर आली. तिनं मशीनवर बघितलं.

"खिसा नको, आई."

"आतल्या अंगाला हाय. कुणाला दिसतोय?"

"नको म्हणले ना."

"अगं रुमाल ठेवायला होतोय."

"रुमाल नाही ठेवत तू. अंगारा ठेवतीस."

मशीन थांबलं. प्रयागनं चाकावर हात ठेवला तो तसाच राहिला. अंगाऱ्याचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी, पेपरच्या आदल्या दिवशी ती सिद्धेश्वराला जाऊन आली, चिमूटभर अंगारा कागदात बांधला आणि चोरखिशात सारून वरनं दोन टाके घातले. पोरीला कळू नये, देवाला कळलं म्हणजे झालं, असा तिचा हिशेब.

"तुला सापडला होता?"

"पेपरात सापडला."

रोहिणीनं सांगितलं ते एका दमात आणि फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं. फाटकावर बाईनं वरून खालून चाचपलं, यंत्र फिरवलं, कागदाला ते वाजलं नाही. बायॉलॉजी झालं, केमिस्ट्री निम्मी झाली, फिजिक्स शेवटी ठेवलेलं. तळहाताचा घाम पुसायला तिनं हात कुशीला घासला आणि काहीतरी कुरकुरलं. बोटानं चाचपलं, कागद. आईचा चोरखिसा तिला माहीतच होता. टाके सैल होते, पुडीचा एक कोपरा वर आलेला. तिनं मान खाली घालून बघितलं तर त्या कोपऱ्यावर तिचंच अक्षर. कच्च्या ढिगातला कागद, केमिस्ट्रीची दोन समीकरणं.

"मग टाकून द्यायची की गं पुडी!"

"कुठं टाकू? वर कॅमेरा, समोर मॅडम. पेपरात कागद काढला की कॉपी. काय सांगू त्यांना, देव हाय म्हणून?"

प्रयागनं खिशाचा तुकडा दोन बोटांत धरला.

"कॉपीत धरलं की पुढच्या वर्षी बसायलासुद्धा देत नाहीत. मी दीड तास हात असा कुशीला दाबून बसले. एका हातानं गोळे रंगवले. मॅडम शेजारून गेल्या की पुढचं काही दिसायचं नाही. बत्तीस प्रश्न तसेच राहिले."

"आन् वर्षभर बोलली नाहीस."

"बोलून काय? तू मशीन विकून सिद्धेश्वराच्या पायरीवर जाऊन बसली असतीस."

हे विनोदानं म्हटलेलं होतं. पण प्रयागला हसू आलं नाही. तिला आठवत होतं ते दुसरंच. पोरगी हुशार हाय हो, पण ऐन वेळंला घाबरती. पडद्याच्या अलीकडं तिनं हे किती वेळा म्हटलं असेल? आणि पलीकडं बसून पोरीनं ते किती वेळा ऐकलं असेल, आणि एकदाही उठून म्हणाली नाही की आई, घाबरले नव्हते, तुझा देव दडवत बसले होते.

तिनं कुडतं उलटं केलं, सुई घेतली आणि खिशाचा टाका न् टाका उसवला. कात्रीनं ओढून काढला असता तरी चाललं असतं, कापड आतल्या बाजूचं होतं. पण तिनं एकेक धागा काढला, भोकं दिसू नयेत म्हणून नखानं कापड घासलं, आणि कुशीला साधी टीप मारली. रोहिणी पाण्याचा तांब्या हातात धरून बघत उभी होती.

"जा, अभ्यास कर," प्रयाग म्हणाली. "मोकळं केलंय."

दुसऱ्या दिवशी रत्नमाला आली. ब्लाऊजची बाही घट्ट झाली होती म्हणे. ब्लाऊजचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं आणि तिनं पडद्याकडं तोंड वळवलं. "यंदा तरी धीर धर म्हणावं. घाबरट पोरींचं काम नाही हे डाक्टरकीचं."

"घाबरट नाही ती," प्रयाग म्हणाली.

"तूच तर म्हणतीस!"

"मी खोटं बोलले वन्सं. म्हणजे मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या कपड्यात मीच कॉपी शिवली होती."

रत्नमालेचा चहा बशीत सांडला. प्रयागनं सगळं सांगितलं, अंगारा, कागद, बत्तीस प्रश्न, आवाज जराही न उतरवता. शेजारी पिकोला बसलेली बाई ऐकत होती, दारात झेरॉक्सवाला उभा होता. पडद्यामागून आवाज आला, "आई, जरा हळू. पोलीस येतील."

त्या आठवड्यात जी बाई दुकानात आली तिला प्रयागनं हे सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. वर्षभर जेवढ्या जणींना घाबरट म्हणून सांगितलं होतं, त्या बहुतेक येऊन गेल्या. जी आली नाही, एक म्हातारी शाळामास्तरीण, तिच्या घरी साडीला फॉल लावून द्यायच्या निमित्तानं ही स्वतः गेली. आणि त्याच आठवड्यापासून कुडत्याचं माप घेताना ती विचारायला लागली, "खिसा लावू का?"

परीक्षेचा रविवार आला. रोहिणीचं केंद्र औसा रोडवरच्या एका कॉलेजात होतं. प्रयाग चप्पल घालून निघाली तर रोहिणीनं तिला दारातच अडवलं.

"तू कुठं निघालीस? शटर कोण उघडणार?"

"एक दिवस नाही उघडलं तर?"

"त्या चाळीस जणींचं काय? बाप दातानं फाडतील बाह्या." मग म्हणाली, "फाटकाशी तू असलीस की मला तुझ्याकडंच बघावं वाटतंय. पप्पा बरे. ते झाडाखाली झोपतात."

विश्वनाथराव गाडीला किक मारत म्हणाले, "ऐकलंस का, माझाबी उपयोग हाय."

गेले दोघं. प्रयागनं शटर वर केलं, खडूला टोक काढलं.

अकरापासून रांग लागली. नंबर एक, नंबर दोन. एक मुलगी बाही कापताना डोळे मिटून बसली, जणू हातच कापतायत. एकीचा भाऊ म्हणाला मावशी, माझा शर्टपण करा. त्याची परीक्षाच नव्हती, उकडत होतं म्हणे. त्याला प्रयागनं कात्री दाखवून घालवला. सव्वा वाजला. फाटक बंद व्हायला पंधरा मिनिटं, आणि तेव्हा जळकोटकडची एक बाई मुलीला अक्षरशः ओढत घेऊन आली. एस. टी. उशिरा आली होती. मुलीचं नाव शिवनंदा. गुलाबी ड्रेस, पूर्ण बाह्या, मनगटाला रुंद दुमडपट्टी.

प्रयागनं बाही हातात घेतली आणि तिची बोटं थांबली. दुमडपट्टीत काहीतरी होतं. कापड जाड लागत होतं, आणि बोटानं दाबलं की कुरकुरत होतं.

"हे काय?"

मुलगी आईकडं बघायला लागली. म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. आई म्हणाली, "काय नाही. तेवढं राहू द्या. पाहिजे तर उलीशी बाही वर घ्या."

"अंगारा हाय ना?"

"देवाचं हाय ते. हात नका लावू."

"कागदात बांधलाय?"

"मग काय पितळीत बांधू?" बाई चिडली. "टाइम व्हायलाय, कापा लवकर! खालचं तेवढं ठेवा."

"कोपराखालचं सगळं निघणारच हाय, बाई. पण आणखी कुठं हाय? खरं सांगा. एकाच जागी शिवून तुमचं भागलं नसणार. माझं भागलं नव्हतं, मी वरनं दोन टाके घातले होते."

बाई हळूच म्हणाली, "गळ्याच्या पट्टीत बी हाय. पाठीमागं."

प्रयागनं मुलीला वळवलं. गळ्याच्या पट्टीत बारीक पुडी, वर्तमानपत्राच्या कागदाची, छापील अक्षरं दिसत होती. तिनं दोन टाके तोडून ती काढली, जागा पुन्हा शिवली आणि बाह्यांवर रेघ मारली. बाई अस्वस्थ होऊन तिच्या हाताकडं बघत होती.

"पोरीबरं देव नको का कुणी?"

"आत देवाला बंदी नाही, कागदाला हाय. तुमच्या देवाला मी माझ्या मशीनवर बसवून घेते, पाचपर्यंत. पोरीला मोकळी जाऊ द्या." आणि मग टीप मारता मारताच म्हणाली, "माझ्या पोरीचं एक वर्ष मी असंच शिवून टाकलंय, बाई."

शिवनंदा पळाली तेव्हा फाटकाला तीन मिनिटं होती. दोन्ही पुड्या प्रयागनं मशीनच्या कपाळावर, बॉबिनच्या डबीशेजारी ठेवल्या. जळकोटची बाई दुकानाच्या पायरीवर बसली ती पाचपर्यंत उठली नाही. मध्ये एकदा प्रयागनं तिला भाकरी दिली, ती तिनं खाल्ली.

दोन ते पाच प्रयागनं काय केलं? काही नाही. तीन काजं केली, तिन्ही वाकडी आली, तिन्ही उसवली. औसा रोड तिथून दिसत नाही, तरी ती चारदा रस्त्यावर जाऊन आली.

पाचनंतर फाटक उघडलं. मुली यायला लागल्या. अकरा, चार, तेवीस. दांडी रिकामी होत चालली. सदतीस नंबरची शिवनंदा मैत्रिणीशी भांडतच आली, कुठल्याशा प्रश्नाचं उत्तर 'क' की 'ड' यावर, आणि आईकडं न बघता प्रयागसमोर हात पुढं केला. "मावशी, बाह्या." जळकोटची बाई मग उठली. तिनं पुड्या उचलून कपाळाला लावल्या, एक सोडली, चिमूटभर अंगारा पोरीला लावला, आणि बोटाला उरलेला प्रयागला.

साडेपाच झाले, पावणेसहा झाले. गाडीचा आवाज आला तेव्हा प्रयाग बाही जोडत होती. तिनं मान वर केली नाही. रोहिणी उतरली, चपला काढल्या, आत गेली, पुन्हा बाहेर आली.

"आई, चुरमुरे भिजव, सुशीला कर ना. खूप भूक लागलीय. दाणे जास्त घाल."

प्रयागनं सुई टोचून ठेवली आणि उठली. पेपर कसा गेला हे तिनं विचारलं नाही. चुरमुरे भिजवताना तिला कांदा चिरायच्या आधीच डोळ्यांत पाणी आलं, एवढंच.

निकाल लागला, मार्क भरपूर वाढले होते. पण त्या वर्षी सगळ्यांचेच वाढले होते. ही त्या परीक्षेची गंमत आहे, तुम्ही पळता तेव्हा जमीनही पळते. पहिल्या यादीत नाव नाही. विश्वनाथरावांनी न बोलता नर्सिंगचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला. रोहिणीनं तो भरलाही, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या यादीच्या दिवशी ती झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. शेवटी झेरॉक्सवालाच धावत आला. "मावशी, रत्नागिरी! सरकारी!"

"रत्नागिरी?" विश्वनाथराव म्हणाले. "ते तर समुद्राला लागून हाय."

रत्नमाला पेढे खाता खाता म्हणाली, "पोरीचं कसं व्हायचं गं? तिकडं भातातसुद्धा मासा असतोय म्हणे."

"आत्या," रोहिणी म्हणाली, "मला तिथं माणूस कापायचाय. माशाचं काय घेऊन बसलीस?"

प्रयागनं ऍप्रनचं कापड स्वतः आणलं. पांढरंशुभ्र, जाड, धुतल्यावर आटणार नाही असं. तयार ऍप्रन मिळतात हे तिला कुणीही सांगू नये. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. बाह्या पूर्ण शिवल्या, मनगटापर्यंत, दुहेरी टीप घालून, मुंढा असा बसवला की हात वर केला तरी ओढ बसू नये. इतकी वर्षं लोकांच्या पोरींच्या बाह्या कापल्या, आता आपल्या पोरीला पुरत्या बाह्या. हे ती बोलली नाही, पण इस्त्री करताना बाहीवरनं तिनं चारदा जास्तच हात फिरवला.

रोहिणी गेली. आठवड्यानं फोन आला. इकडचं तिकडचं झालं, भात रोज असतो, आमटीत नारळ असतो, पाऊस थांबत नाही.

"आई, एक सांगू? रागावू नको."

"काय झालं?"

"ऍप्रनच्या बाह्या. इथं अर्ध्याच लागतात. मॅडम म्हणल्या, लांब बाही पेशंटला घासती, जंतू पसरतात. कापून या नाहीतर वर्गात बसू नका."

प्रयागला हसू फुटलं, एवढं की समोर माप द्यायला उभी असलेली मुलगी दचकली.

"हसायलीस काय? मला कापता येत नाही."

"बाहीवाल्या मावशीची पोरगी तू! खडू घे."

"खडू नाही."

"पेन्सिल घे. कोपराच्या वर चार बोटं रेघ मार. सरळ. आता रेघेवर कापू नकोस, दोन बोटं खाली काप, दुमडायला लागतंय."

फोनमधून कात्रीचा आवाज आला, मग कुणा मैत्रिणीचा, अगं वाकडं चाललंय, दे इकडं.

"बाह्या फेकू नकोस," प्रयाग म्हणाली. "नंबर टाकून ठेव. दिवाळीला घेऊन ये."

"हो. आणि आई..."

"काय?"

"आत चोरखिसा लावलायस. मला न विचारता."

"तुला कधी कळलं?"

"घरीच. चाचपून बघितला, निघायच्या आधी. रिकामा हाय."

"रिकामाच ठेवलाय," प्रयाग म्हणाली. "काय ठेवायचं ते तुझं तू ठेव." आणि टेप गळ्यात टाकून समोरच्या मुलीकडं वळली. "हं, हात वर कर. बाही कुठवर पाहिजे?"